शब्दांची यादी आणि वाक्संप्रदाय : 'बेसिक इंग्लिश'चा पुनर्विचार

१

परकी भाषा शिकणाऱ्याला किती शब्द यावे लागतात, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा आहे. साहित्यसमीक्षेचा त्याच्याशी काही संबंध असेल असे सहसा मानले जात नाही. आधी शब्दसंग्रह वाढवावा, मग वाक्प्रचार आणि म्हणी पाठ कराव्यात, आणि या दोहोंच्या बळावर पुढे साहित्याकडे वळावे, असा एक क्रम इंग्रजीच्या अध्यापनात रूढ आहे. या क्रमात शब्द हा पाया ठरतो, वाक्प्रचार ही त्यावरील नक्षी ठरते आणि साहित्य हा कळस ठरतो. परंतु या व्यवस्थेमागे अर्थाविषयीचा एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो. शब्द हे अर्थाचे मूळ परिमाण आहे. ते सुटे करता येते, मोजता येते, साठवता येते आणि साठा पुरेसा झाला की भाषा हाती येते, असा तो सिद्धान्त होय. तो कितपत टिकतो, याचा निर्णय मात्र समीक्षेच्या क्षेत्रात शिरल्यावाचून करता येत नाही.

या दृष्टीने 'बेसिक इंग्लिश' या योजनेचा इतिहास पुन्हा तपासण्याजोगा आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ही योजना मांडली. केवळ ८५० शब्दांत दैनंदिन व्यवहार, व्यापार आणि विज्ञान यांना पुरेल इतकी इंग्रजी परकीयांना शिकवता येईल, असा तिचा दावा होता. या योजनेचे सर्वांत निष्ठावान प्रवक्ते ठरले ते आय. ए. रिचर्ड्स. त्यांचे विद्यार्थी विल्यम एम्प्सन हेही तिच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले, जे. बी. एस. हाल्डेन यांच्या विज्ञानविषयक लेखनाचे बेसिकमधील दोन अनुवाद त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. एम्प्सन यांचा 'सेव्हन टाइप्स ऑफ ॲम्बिग्युइटी' हा ग्रंथ १९३० चाच. एकीकडे कवितेतील एकेका शब्दाच्या पोटातील अनेक अर्थ उलगडणारे वाचन, आणि दुसरीकडे सबंध भाषा एका पानावर मावेल अशी यादी. या दोन गोष्टी एकाच वर्षी, एकाच केंब्रिजच्या परिसरातून आणि काही अंशी एकाच वर्तुळातील माणसांच्या पाठबळाने पुढे याव्यात, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. या विसंगतीचा अर्थ लावू गेल्यास शब्द आणि वाक्संप्रदाय यांच्या परस्परसंबंधाचा मूळ प्रश्नच उलगडू लागतो.

२

बेसिकचे मूळ ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' (१९२३) या ग्रंथात आहे. शब्द आणि वस्तू यांच्यात थेट संबंध नसतो, तो विचाराच्या द्वारे जोडला जातो, हे या ग्रंथाचे प्रसिद्ध प्रतिपादन. व्याख्यांच्या स्वरूपाचा विचार करीत असताना एक गोष्ट या लेखकद्वयाच्या ध्यानात आली. कोणत्याही शब्दाची व्याख्या करू जाता तेच थोडे शब्द पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. मग हे थोडे शब्द उर्वरित सर्व शब्दांची जागा घेऊ शकतील काय? बेसिक हे या प्रश्नाला ऑग्डेन यांनी दिलेले होकारार्थी उत्तर आहे.

यादीची रचना मोठी नेटकी आहे. ६०० शब्द वस्तूंचे. त्यांपैकी ४०० सामान्य स्वरूपाचे आणि २०० चित्राने दाखवता येण्याजोगे. १५० शब्द गुणांचे. उरलेले १०० शब्द व्यवहार चालवणारे, म्हणजे सर्वनामे, शब्दयोगी व उभयान्वयी अव्यये आणि क्रियापदे. या शेवटच्या गटात क्रियापदे आहेत अवघी १८. 'कम', 'गेट', 'गिव्ह', 'गो', 'कीप', 'लेट', 'मेक', 'पुट', 'सीम', 'टेक', 'बी', 'डू', 'हॅव', 'से', 'सी', 'सेंड' ही सोळा आणि साहाय्यक म्हणून 'मे' व 'विल' ही दोन. ऑग्डेन त्यांना क्रियापदे म्हणण्याचेही टाळतात. त्यांच्या लेखी ती 'ऑपरेटर' आहेत, म्हणजे यंत्राच्या कळा. क्रियापदांवरील या अविश्वासाची प्रेरणा जेरेमी बेंथम यांच्या भाषाविचारात आहे. बेंथम यांना क्रियापदापेक्षा नाम अधिक भरवशाचे वाटे, आणि बेंथम यांचा कल्पितविषयक विचार १९३२ मध्ये नव्याने संपादित करून वाचकांपुढे ठेवणारे ऑग्डेन हेच होते.

क्रियापदांची ही काटछाट कशी शक्य झाली? तर 'एंटर'ऐवजी 'गो इन', 'असेंड'ऐवजी 'गो अप' अशी जोडणी करून. येथवर सारे सरळ आहे. 'गो' आणि 'इन' यांचे अर्थ ज्याला ठाऊक आहेत त्याला 'गो इन' आपोआप कळते. दोन सुट्या अर्थांची बेरीज होते. पण याच कळा वापरून 'गिव्ह अप', 'मेक आउट', 'टेक इन', 'पुट अप विथ' असे प्रयोगही इंग्रजीत सिद्ध होतात, आणि तेथे ही बेरीज थांबते. 'पुट', 'अप' आणि 'विथ' या तिन्ही शब्दांचे अर्थ बिनचूक पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही त्यांच्या संयोगातून 'सहन करणे' हा अर्थ कधीही काढता येणार नाही. याउलट 'टॉलरेट' हा लॅटिन वळणाचा शब्द यादीबाहेरचा, म्हणून 'कठीण'. पण त्याचा अर्थ एकच, आणि तो कोशात पाहून एका क्षणात कळणारा. ऑग्डेन यांनाही मग यादीतील शब्दांच्या विस्तारित अर्थांची आणि रूढ प्रयोगांची निराळी नोंद करावी लागली. यादीच्या पुढच्या दाराने बाहेर काढलेले ओझे अशा रीतीने वाक्संप्रदायाच्या मागील दाराने घरात परत आले.

३

या हिशेबातील चूक मराठी वाचकाच्या सहज लक्षात यावी, कारण ज्याची गणती करताच येणार नाही असे एक क्रियापद त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो. झाडाला फळे लागतात, गावाआधी नदी लागते. मूल रडू लागते, माणसाला जावे लागते. कुणाचा लळा लागतो, आणि कुणाच्या नादी लागू नये असे सांगावे लागते. 'मराठी शिकण्यास आवश्यक शब्द' अशी यादी कोणी केली तर तीत 'लागणे' हा एक शब्द म्हणून येईल. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला मात्र तो एक शब्द म्हणून कधीच भेटणार नाही. यादीत ज्याची किंमत एक, त्याचे शिक्षण वर्षानुवर्षे चालू राहते.

बेसिकवरील याच आक्षेपाची मांडणी मायकेल वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मधील आपल्या परीक्षणात केली. शब्दांची संख्या कमी केली म्हणून शिकण्याच्या गोष्टींची संख्या कमी होत नाही, हा त्या परीक्षणाचा मुख्य रोख होता. वेस्ट स्वतः शब्दसूचीचे विरोधक नव्हते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. भारतीय शिक्षणसेवेतील अधिकारी म्हणून त्यांनी ढाक्यात काम केले, आणि बंगालमधील द्विभाषिकतेवरील आपल्या १९२६ च्या ग्रंथात एक कळीचा प्रश्न विचारला. बहुसंख्य मुले शिक्षण अर्धवट टाकून जातात. अशा मुलाच्या पदरी त्या अर्धवट शिक्षणातून काय पडते? विमा मध्येच बंद केल्यास हाती येणाऱ्या रकमेची उपमा देऊन त्यांनी याला शिक्षणाचे 'सरेंडर व्हॅल्यू' म्हटले. शब्द निवडून, मोजून, क्रमाने शिकवण्यामागे केवळ यांत्रिक दृष्टी असते असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. शाळा सुटणाऱ्या मुलाविषयीची कळकळही त्यात आहे. वेस्ट यांनी १९५३ मध्ये सिद्ध केलेल्या 'जनरल सर्व्हिस लिस्ट'मध्ये सुमारे २००० शब्द आहेत. त्यातील खरी लक्षणीय गोष्ट ही की, शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांचे वापरातील शेकडा प्रमाणही तेथे नोंदवलेले आहे. मोजायचेच असेल तर शब्दांबरोबर अर्थही मोजले पाहिजेत, हे वेस्ट यांनी ओळखले होते.

परंतु अर्थ मोजल्यानेही वाक्संप्रदायाचा प्रश्न सुटत नाही, कारण वाक्संप्रदायातील अर्थ त्यातील कोणत्याही एका शब्दाच्या खात्यावर मांडता येत नाही. 'पुट अप विथ'मधील सहनशीलता 'पुट'च्या नावे जमा करावी की 'अप'च्या? संगणकाच्या साहाय्याने भाषेचे प्रचंड संचय तपासणे शक्य झाल्यावर जॉन सिंक्लेअर यांनी १९९१ मध्ये हा प्रश्न अधिक मूलगामी रीतीने मांडला. वाक्यातील प्रत्येक जागी बोलणारा स्वतंत्रपणे शब्द निवडतो, हे चित्र अपुरे आहे. बोलण्याचा मोठा भाग आधीच जुळून आलेल्या, एकत्र निवडल्या जाणाऱ्या शब्दगटांनी घडलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रॉन मार्टिनेझ आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी २०१२ मध्ये घटक शब्दांवरून अर्थ न उमगणाऱ्या आणि वारंवार येणाऱ्या ५०५ इंग्रजी शब्दगटांची यादी केली, तिच्यातही बहुतांशी अतिपरिचित लहान शब्दच एकत्र आलेले दिसतात. ज्याला सोपे म्हटले जाते तेथेच अडचण दबा धरून बसलेली असते.

४

आता मूळ विसंगतीकडे वळता येईल. रिचर्ड्स यांना हे ठाऊक नव्हते काय? त्यांच्या समीक्षात्मक लेखनावरून उलटच दिसते. 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथात त्यांनी कवींची नावे न देता काही कविता केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय तपासले. हे वाचक बहुतांशी इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे, उत्तम शिक्षण लाभलेले. त्यांच्या शब्दसंग्रहात उणीव असण्याचे कारण नव्हते. तरीही कवितेचा साधा अर्थसुद्धा अनेकांना लावता आला नाही. शब्दांचा साठा आणि वाचनाचे सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत याचा याहून ठळक पुरावा मिळणे कठीण. पुढे 'द फिलॉसफी ऑफ ऱ्हेटरिक' (१९३६) मध्ये शब्दाला स्वतःचा असा एक ठरलेला अर्थ असतो ही समजूत त्यांनी अंधश्रद्धेत जमा केली. शेजारच्या शब्दांमुळे शब्द सजीव होतो, वाक्य पुरे होईपर्यंत त्याचा अर्थ अधांतरी राहतो, हा त्यांचा संदर्भवादी विचार मराठी समीक्षेच्याही परिचयाचा आहे.

असे असूनही रिचर्ड्स चीनमध्ये आणि पुढे अमेरिकेत बेसिकच्या कार्याला वाहून घेतात. या दोहोंची सांगड 'हाउ टू रीड अ पेज' (१९४२) या त्यांच्या पुस्तकात सापडते. येथे त्यांनी शंभर महत्त्वाचे शब्द निवडले आहेत. 'गेट', 'गिव्ह', 'मेक', 'सी', 'से', 'सेन्स', 'थिंग', 'वे' अशा त्यातील बहुसंख्य शब्दांना बेसिकच्या यादीतही स्थान आहे. ऑग्डेन यांच्या यादीत जे शब्द सर्वांत सुलभ म्हणून येतात, तेच रिचर्ड्स यांच्या यादीत सर्वाधिक जपून वाचण्याचे शब्द म्हणून येतात. एम्प्सन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) मध्ये यातल्या 'सेन्स' या एका शब्दासाठी एकाहून अधिक प्रकरणे खर्ची घातली. बेसिकच्या पानावर मात्र तो एका ओळीत बसतो.

यावरून असे म्हणता येईल की, बेसिक या एकाच नावाखाली दोन निरनिराळे प्रकल्प वावरत होते. ऑग्डेन यांचे बेसिक हे बोलण्यालिहिण्याचे साधन होते. रिचर्ड्स यांचे बेसिक हे प्रामुख्याने वाचनाचा व्यायाम होते. संपूर्ण इंग्रजीतील एखादा उतारा मोजक्या शब्दांत पुन्हा मांडू गेल्यावर मूळ शब्दाने नेमके काय साधले होते, आणि या रूपांतरात काय निसटले, याची जाणीव होते. निसटलेल्या भागाची ही जाणीव म्हणजेच वाचनाचे शिक्षण. १९४९ मध्ये पूर्ण झालेल्या बेसिकमधील बायबलची कथा येथे बोलकी आहे. त्या अनुवादासाठी ८५० शब्द पुरले नाहीत. पद्यवाचनाला साहाय्यक असे १०० आणि बायबलसाठी खास असे ५० शब्द घेऊन संख्या १००० वर न्यावी लागली. साधन म्हणून हा पराभव ठरेल. व्यायाम म्हणून पाहिल्यास मात्र कोणत्या दीडशे शब्दांवाचून अडले, हेच त्यातून मिळालेले ज्ञान आहे.

दुर्दैवाने जगाच्या बाजारात ऑग्डेन यांचाच अर्थ चालला. सप्टेंबर १९४३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात विन्स्टन चर्चिल यांनी बेसिकची भलावण केली, आणि भविष्यातील साम्राज्ये प्रदेशांवर नसून मनांवर असतील अशा आशयाच्या विधानाशी तिची सांगड घातली. साम्राज्याचे सूत्र जुळताच योजनेभोवती संशयाचे वलय निर्माण झाले, आणि महायुद्धानंतर ती हळूहळू मागे पडली. तिचे गृहीतक मात्र मागे पडले नाही. 'तीस दिवसांत इंग्रजी' शिकवणारी पुस्तके, स्पर्धापरीक्षांसाठीच्या शब्दसूची, भ्रमणध्वनीवर रोज दहा शब्द पाठवणाऱ्या योजना, या सर्वांत शब्द हे सुटे नाणे आहे ही समजूत कायम आहे. आणि वाक्प्रचारांची यादी त्याच पद्धतीने, शेवटच्या प्रकरणात, जोडलेली असते.

५

वाक्प्रचार यादीने शिकले असता काय होते, याचे उत्तर वसाहतकालीन भारताने दिले आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. एफ. अँस्टी यांचे 'बाबू जबरजी, बी. ए.' (१८९७) हे विनोदी पुस्तक 'पंच' साप्ताहिकाच्या परंपरेतले. त्यातील बंगाली नायकाला इंग्रजी वाक्प्रचार ठाऊक नाहीत असे नाही. ते त्याला गरजेहून अधिक ठाऊक आहेत. त्याचे हसे होते ते ते चुकीच्या जागी, चुकीच्या शेजारी वापरल्यामुळे. या विनोदातील क्रौर्य नीट पाहिले पाहिजे. शब्द परकीयाला विकत घेता येतात. वाक्प्रचार म्हणजे मात्र घरच्यांची खूण, आणि ती खूण बाहेरच्याने करू पाहिली की त्याचे परकेपण अधिकच उघडे पडते, असा त्याचा आशय आहे.

'इडियम' या शब्दाच्या मुळाशीच हा आशय आहे. ग्रीक 'इडिऑस' म्हणजे स्वतःचे, खाजगी. मराठीने या संकल्पनेसाठी स्वीकारलेला शब्द मात्र अगदी निराळ्या दिशेने जातो. दाते-कर्वे यांच्या कोशाच्या नावात असलेला 'वाक्संप्रदाय' हा शब्द मालकी सुचवत नाही. तो देणे सुचवतो. संप्रदाय म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेले. संप्रदायात जन्मावेच लागते असे नाही, त्यात प्रवेश करता येतो. परंतु तो प्रवेश नियमांची यादी पाठ करून मिळत नाही, संगतीने मिळतो. भाषाभ्यासातही हाच विचार स्वतंत्रपणे आलेला दिसतो. लाहोर येथे काही वर्षे अध्यापन केलेले जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते असे म्हटले, आणि 'कॉलोकेशन' ही संज्ञा भाषाविज्ञानात रुजवली. त्याआधी टोकिओत हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये इंग्रजीतील अशा शब्दसंगतींचा मोठा अहवाल तयार केला होता. आणि तेथेच ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह केलेला, केवळ परभाषिकांसाठीचा कोश १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द कोणत्या रचनेत, कोणाच्या सोबतीने येतो हे त्यात दाखवले होते. हा कोश सिद्ध करण्याची गरज मातृभाषिकांमध्ये राहून भासली नसती. वाक्संप्रदाय हा ज्यांना फुकट मिळाला त्यांना तो दिसत नाही. बाहेरून येणाऱ्याच्या अडखळण्यामुळेच तो दृश्य होतो.

येथे मराठी संदर्भ अपरिहार्यपणे येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी भेटली ती मराठी वाक्याशेजारी ठेवलेल्या इंग्रजी वाक्याच्या रूपाने. ही पद्धत आज कालबाह्य मानली जाते, आणि बोलण्याच्या दृष्टीने तिच्या मर्यादा उघडच आहेत. पण तिच्यात एक गोष्ट होती : विद्यार्थ्याला शब्दाला शब्द ठेवून चालत नाही, हे वाक्यागणिक कळत असे. दोन संप्रदाय शेजारी आले की कोणत्या जागी जुळत नाहीत, याचे ते रोजचे शिक्षण होते. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, तेव्हा वाद झाला तो प्रामुख्याने वयाविषयी आणि मातृभाषेच्या भवितव्याविषयी. मुलाला जी इंग्रजी द्यायची ती सुट्या शब्दांची की संगतीची, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. वस्तुतः वेस्ट यांनी विचारलेला प्रश्न येथेही तितकाच लागू आहे. शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती पाचशे सुटे शब्द राहणार, की एखादे छोटे पुस्तक आपल्याआपण वाचू शकण्याचे सामर्थ्य?

लहान शब्दांच्या संगतीतून काय निर्माण होऊ शकते याचा पुरावा मराठीच्याच परिसरात आहे. अरुण कोलटकर यांची 'जेजुरी' (१९७६) ही इंग्रजी कविता शब्दसंग्रहाचे वैभव मिरवत नाही. तिचे शब्द बहुतांशी लहान, बोलीतले, शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले आहेत. तिचे सामर्थ्य आहे ते या शब्दांचा सूर आणि शेजार अचूक ओळखण्यात. आणि ही ओळख ज्या कवीला झाली तो मराठीतही तितक्याच अधिकाराने लिहीत होता. बाबू जबरजीच्या विनोदाने जे अशक्य ठरवले होते ते येथे घडले आहे. खंडोबाच्या डोंगरावर इंग्रजीचा वाक्संप्रदाय कुणाची खाजगी मालमत्ता राहिलेला नाही.

रिचर्ड्स यांचे समीक्षक म्हणून मोठेपण आणि बेसिकचे प्रचारक म्हणून अपयश यांतून हाती येणारा निष्कर्ष म्हणूनच अध्यापकाच्या कामाचा आहे. शब्द थोडे असावेत, यात ऑग्डेन यांचे चुकले नव्हते. ते थोडे शब्द सोपे आहेत असे मानण्यात चुकले. शिकणाऱ्याला यादीऐवजी उतारे दिले, त्याच त्या लहान शब्दांना निरनिराळ्या शेजारात पुन्हा पुन्हा भेटू दिले, आणि जेथे मराठीत सांगताना काही निसटते तेथे त्याला थांबवून विचारले, तर शब्दसंग्रह आणि वाक्संप्रदाय ही दोन निराळी प्रकरणे उरत नाहीत. मग साहित्यवाचन हा शेवटी चढवायचा कळसही राहत नाही. पहिल्या इयत्तेतील चार ओळींच्या गोष्टीपासूनच ते सुरू झालेले असते.